दारू, तंबाखू, जुगार आणि खाण नको असेल तर फंड कसा निवडायचा

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न असा आहे. महिना 10,000 रुपयांची एसआयपी सुरू करायची, मुदत पंधरा वर्षांची. अट अशी की आपला पैसा दारू, तंबाखू, जुगार आणि गावाने भोगली तसल्या खाणीत जाऊ नये. बँकेतल्या प्रतिनिधीने एक ईएसजी फंड पुढे केला आणि "हा नैतिकच असतो" असे सांगितले. तो घ्यावा का? असल्या फंडात परतावा कमी मिळतो का? आणि जुन्या एका साध्या इक्विटी फंडात चार-पाच लाख आहेत, त्यांचे काय करावे?

बाई, तो फंड वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण त्या एका वाक्यावर विसंबून घेऊ नका. ईएसजी फंडाची चाळणी वेगळी आणि तुमची अट वेगळी. दारू, तंबाखू, जुगार इथपर्यंत दोन्ही बऱ्याचदा जुळतात. खाणीपाशी आल्या की वाट वेगळी होते, आणि तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी नेमकी तिथली आहे. मी फोंड्यात गुंतवणूक सल्ल्याचे काम करतो, अशिलाकडून फी घेतो, फंडांकडून कमिशन घेत नाही. खाली काही नावे येतील, ती उदाहरणे समजा, शिफारस नव्हे.

ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार. या तीन अंगांनी कंपन्यांना गुण देणाऱ्या संस्था असतात. ते गुण नेमके कशाचे, हे मात्र फंड विकताना कुणी सांगत नाही. मोठ्या संस्थांची पद्धत साधारण अशी: पर्यावरणाचे, कामगारांचे, कारभाराचे जे प्रश्न आहेत त्यांमुळे या कंपनीच्या धंद्याला किती धोका आहे, आणि कंपनीने त्याची काय तयारी केली आहे? म्हणजे मोजला जातो तो कंपनीला असलेला धोका. तुमचा प्रश्न उलट्या बाजूने आहे: कंपनीमुळे गावाला, ओहोळाला, शेताला किती धोका? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही. सुरक्षा अधिकारी नेमले, पाण्याचे मीटर बसवले, स्वतंत्र संचालक घेतले, अहवाल वेळेवर काढला की गुण चढतात. डोंगरावरचा लाल गाळ पावसाळ्यात खालच्या शेतात उतरतो की नाही, हे त्यात असलेच तर कुठल्यातरी उपप्रश्नात असते.

आपल्या ओळखीचे उदाहरण घ्या. सेसा गोवा ही लोहखनिजाची कंपनी 2013 मध्ये स्टरलाइटबरोबरच्या विलीनीकरणानंतर सेसा स्टरलाइट झाली आणि 2015 मध्ये वेदांता लिमिटेड. नॉर्वे सरकारचा पेन्शन फंड हा जगातल्या सर्वांत मोठ्या गुंतवणूकदारांपैकी एक. त्याने 2007 मध्ये या समूहाची लंडनमधली मूळ कंपनी वेदांता रिसोर्सेस आपल्या गुंतवणुकीतून वगळली. कारण दिले ते पर्यावरणाच्या गंभीर हानीचे आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे. जानेवारी 2014 मध्ये सेसा स्टरलाइटलाही वगळले. आता दुसरी बाजू. याच समूहातली हिंदुस्तान झिंक एस अँड पी ग्लोबलच्या 2023 च्या शाश्वतता मूल्यांकनात धातू आणि खाण उद्योगात जगात पहिली आली. कंपन्या वेगळ्या, वर्षे वेगळी, हे खरे. पण मुख्य फरक प्रश्नातच आहे. नॉर्वेने विचारले, या व्यवहारात आपण भागीदार असावे का? मूल्यांकनाने विचारले, खाण कंपन्यांमध्ये व्यवस्था कुणाची सरस? तुम्ही पहिला प्रश्न विचारताय आणि बँकेतला माणूस तुम्हाला दुसऱ्याचे उत्तर देतोय.

तंबाखूचेही असेच. आयटीसी सिगारेटमधून मोठा नफा कमावते हे सगळ्यांना माहीत आहे. तीच कंपनी पाणी आणि कार्बनच्या हिशेबात वर्षानुवर्षे आघाडीवर आहे, आणि एमएससीआयसारख्या संस्थेकडून तिला एए हा वरचा दर्जा मिळालेला आहे. गुणांवर चालणाऱ्या फंडाला आयटीसी ठेवायला काही अडचण नसते. वगळण्यावर चालणारा फंड ती ठेवूच शकत नाही. जाता जाता हेही सांगतो की एलआयसीकडे आयटीसीचे 15 टक्क्यांच्या आसपास शेअर आहेत, म्हणजे पॉलिसी घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक घराचा थोडा पैसा सिगारेटमध्ये आहेच. यावर तुमचा माझा ताबा नाही. ज्यावर ताबा आहे ती एसआयपी नीट निवडू.

कारभाराच्या गुणांवर तर मी फार भरवसा ठेवत नाही. सत्यम या आयटी कंपनीला सप्टेंबर 2008 मध्ये उत्तम कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्षांनीच हिशेब खोटे असल्याची कबुली दिली.

आता कामाचे. शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख करणाऱ्या सेबीने जुलै 2023 मध्ये ईएसजी फंडांसाठी वेगळा वर्ग केला आणि त्यात सहा प्रकार ठरवून दिले. फंडाने कोणता प्रकार धरला आहे ते त्याच्या नावातच लिहावे लागते, आणि हा नियम आपल्या फार उपयोगाचा आहे. एक्सक्लूजन म्हणजे ठरावीक धंदे बाहेर ठेवणे. इंटिग्रेशन म्हणजे ईएसजीचे मुद्दे बाकीच्या आर्थिक अभ्यासात मिसळणे, यात कुठलाही धंदा बाहेर राहीलच असे नाही. बेस्ट इन क्लास म्हणजे प्रत्येक उद्योगातल्या त्यातल्या त्यात बऱ्या कंपन्या. ट्रान्झिशन म्हणजे आज प्रदूषण करणाऱ्या पण बदलू पाहणाऱ्या कंपन्या. उरलेले दोन, इम्पॅक्ट आणि सस्टेनेबल ऑब्जेक्टिव्ह, कागदावर सगळ्यात आकर्षक वाटतात, पण सामान्य माणसाला घेता येईल असे फारसे काही त्यात आलेले नाही.

तुमची अट वगळण्याची आहे, म्हणून सुरुवात नावात "एक्सक्लूजनरी" असलेल्या फंडांपासून करा. एसबीआय, आयसीआयसीआय प्रुडेन्शिअल आणि कोटक यांच्या ईएसजी फंडांच्या नावात तो शब्द आहे. अ‍ॅक्सिस आणि इन्व्हेस्को यांचे फंड इंटिग्रेशनचे, क्वांटमचा बेस्ट इन क्लासचा. बँकेतल्या माणसाने दिलेल्या पत्रकावर यातला कोणता शब्द आहे, ते आधी पाहा. नुसत्या या एका शब्दाने निम्मे काम होते.

उरलेले निम्मे काम योजना माहिती दस्तऐवजात आहे. हे कागद लांबलचक असतात, पण तुम्हाला त्यातला एकच भाग वाचायचा आहे: फंड काय वगळतो आणि किती प्रमाणापासून वगळतो. नेहमीची नावे तंबाखू, दारू, जुगार आणि वादग्रस्त शस्त्रे. खाणकाम त्यात क्वचित असते. असले तरी ते कोळशापुरते असू शकते. प्रमाणाचा मुद्दा आपल्या गोव्यात लगेच कळेल. दारू गाळणारी कंपनी वगळणे सोपे आहे, पण बार असलेल्या हॉटेलांची साखळी वगळायची का? दारू विकणारे सुपरमार्केट? फंड सहसा एकूण उत्पन्नातल्या वाट्याची मर्यादा लावतात आणि त्याखालचे चालवून घेतात. तुम्हाला काय चालेल ते आधी स्वतःशी ठरवा. सत्तरी तालुक्यातल्या काजूची दारू गाळणाऱ्या भट्टीचा यात काही प्रश्नच येत नाही, फंड फक्त शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत जातो. सेबीचा आणखी एक नियम लक्षात ठेवा: निदान 80 टक्के पैसा जाहीर केलेल्या पद्धतीनेच गुंतवावा लागतो, आणि उरलेलाही त्या तत्त्वाच्या सरळ विरोधात जाता कामा नये. 20 टक्क्यांची ही फट लहान नाही, म्हणून नुसते कलम वाचून थांबायचे नाही.

प्रत्यक्ष यादी उघडा. प्रत्येक फंड कंपनी महिना संपल्यावर दहा दिवसांत आपल्या संकेतस्थळावर सगळ्या योजनांचे पोर्टफोलिओ टाकते. एक्सेल फाइल असते. तुमच्या योजनेचे पान काढले की कंपनीचे नाव, उद्योग, शेअरची संख्या, बाजारभावाने किंमत आणि एकूण मालमत्तेतली टक्केवारी असे रकाने दिसतील. ईएसजी योजनेच्या पानावर कंपनीचे गुण आणि ते देणाऱ्या संस्थेचे नावही द्यावे लागते.

बहुतेक लोक इथे उद्योगाच्या रकान्यात "तंबाखू" शोधतात, सापडली नाही की निश्चिंत होतात. तसे करू नका. आयटीसीचा उद्योग त्या रकान्यात "डायव्हर्सिफाइड एफएमसीजी" असा येतो, साबण-शाम्पू विकणाऱ्या हिंदुस्तान युनिलिव्हरच्या शेजारी. दारूच्या कंपन्या "बेव्हरेजेस"मध्ये. जुगार नावाचा रकानाच नाही. मांडवी नदीत कॅसिनोची जहाजे उभी असलेली डेल्टा कॉर्प "लेझर सर्व्हिसेस"मध्ये, हॉटेलांच्या रांगेत. वेदांता "डायव्हर्सिफाइड मेटल्स"मध्ये. टाटा स्टील "फेरस मेटल्स"मध्ये, पण झारखंड आणि ओडिशात तिच्या स्वतःच्या लोहखनिजाच्या खाणी आहेत. म्हणजे "मिनरल्स अँड मायनिंग" हा रकाना रिकामा दिसला तरी फंडात खाण नाही असे होत नाही. उद्योगावरून नको, कंपन्यांची नावे वाचा. बहुतेक ईएसजी फंडांत चाळीस ते साठ नावे असतात. एका संध्याकाळचे काम आहे, आणि तुमच्यासारख्या वह्या तपासणाऱ्या माणसाला ते जड जाणार नाही.

नावे वाचताना तुमच्या भागाची माहिती वापरा. मुंबईत बसलेल्या विश्लेषकाला जे दिसत नाही ते तुम्हाला दिसते. वास्कोच्या माणसाला बंदरातला कोळसा कोण उतरवतो हे माहीत असते. जेएसडब्ल्यू समूहाची साउथ वेस्ट पोर्ट तिथे काम करते, आणि या समूहाची बंदरांची कंपनी जेएसडब्ल्यू इन्फ्रास्ट्रक्चर ऑक्टोबर 2023 मध्ये शेअर बाजारात आली. ज्याच्या खिडकीच्या गजांवर काळी धूळ बसते त्याने ते नाव आपल्या फंडात आहे का, हे पाहणे अगदी योग्य आहे. माझ्याकडे येणाऱ्या वास्कोच्या लोकांना मी फंडाची चर्चा करण्याआधी हेच विचारतो: कोणती नावे तुम्हाला सहनच होणार नाहीत? त्यावर बहुतेकांची उत्तरे दोन-तीन नावांपुरतीच असतात. तेवढी पुरतात.

एखाद्या कंपनीबद्दल शंका आली तर तिच्या वार्षिक अहवालातला बीआरएसआर, म्हणजे जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल, उघडा. शेअर बाजारातल्या बाजारमूल्याने पहिल्या 1000 कंपन्यांना तो 2022-23 पासून सक्तीचा आहे. यातले बरेचसे पान भरण्यापुरते असते, ते सोडा. सुरुवातीच्या विभागात तक्रारींचा तक्ता असतो, कोणाकडून किती आल्या आणि किती प्रलंबित आहेत याचा. त्यात "कम्युनिटीज" ही ओळ शोधा, म्हणजे आसपासच्या वस्तीकडून आलेल्या तक्रारी. तुमच्या ग्रामसभेत त्या कंपनीविरुद्ध ठराव झालेला तुम्ही स्वतः पाहिला असेल आणि त्या ओळीत शून्य असेल, तर कंपनी कुणाच्या तक्रारीला तक्रार समजते ते तुम्हाला कळले. मग तत्त्व 6 पाहा, ते पर्यावरणाचे. त्यात अभयारण्यासारख्या संवेदनशील क्षेत्रात किंवा त्याच्या जवळ काम आहे का, आणि पर्यावरणाचे कायदे मोडल्याबद्दल दंड झाला का, हे लिहावे लागते. तत्त्व 3 मध्ये कामगारांचे अपघात आणि मृत्यू येतात. कंत्राटी कामगारांचा आकडा वेगळा दिला आहे का, तेवढे बघा. या तीन जागा वाचल्या की मला कंपनीचा जो अंदाज येतो तो कुठल्याही गुणपत्रिकेतून येत नाही.

खाणीच्या अटीवर थोडे थांबायला हवे, कारण ती तुम्ही एका शब्दात लिहिली आहे आणि ती एका शब्दाची नाही. तुमच्या तालुक्यात असे घर क्वचित असेल ज्याचा ट्रक, बार्ज, गॅरेज किंवा खाणावळ खाणीवर चालली नाही. न्यायमूर्ती शहा आयोगाने 2012 मध्ये गोव्यातल्या बेकायदा खाणकामामुळे जवळजवळ 35,000 कोटींचे नुकसान झाल्याचा अंदाज मांडला, खाणी थांबल्या, आणि कर्ज काढून ट्रक घेतलेले लोक रस्त्यावर आले. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले तेव्हा पुन्हा तेच. 2022 च्या अखेरीस लिलाव सुरू झाले, पहिल्या काही खाणपट्ट्यांत डिचोलीचा होता आणि तो वेदांताने घेतला. तेव्हा आपल्याला कुठलीच खाण नको, की बेकायदा आणि बेजबाबदार खाण नको, हे आधी घरात बसून ठरवा. दोन्ही भूमिका सन्मानाच्या आहेत. पहिली भूमिका घेतली तर पोलाद, जस्त, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंटही प्रश्नात येतात, आणि तुम्हाला हवा तसा तयार फंड मिळणे जवळजवळ अशक्य होते. दुसरी घेतली तर नावे वाचून निवड करता येते. माझा कल दुसरीकडे आहे, कारण ती वर्षानुवर्षे पाळता येते. न पाळता येणारी अट दोन वर्षांत गळून पडते, आणि मग माणूस कुठलाच विचार न करता मिळेल तो फंड घेतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आणखी एक अडचण. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या ईएसजी फंडांत मोठ्या खासगी बँका वरच्या पाच-दहा नावांत असतात. बँक स्वतः धूर सोडत नाही, म्हणून तिला चांगले गुण मिळतात. पण ती कर्ज कुणाला देते? कोळशाला, सिमेंटला, खाणीलाही देते. यावर फंडाच्या पातळीवर आज इलाज नाही.

बँका अजिबात नसलेले फंड आहेत, ते शरियाच्या नियमांवर चालणारे. टाटा एथिकल फंड आणि टॉरस एथिकल फंड ही दोन नावे तुम्हाला "एथिकल" शोधताना लगेच दिसतील. व्याजावर चालणारे धंदे, दारू, तंबाखू, जुगार आणि फार कर्ज असलेल्या कंपन्या त्यात नसतात. कुठल्याही धर्माचा माणूस त्यात पैसे घालू शकतो, आणि तुमच्या चार अटींपैकी तीन ते बऱ्याच ईएसजी फंडांपेक्षा काटेकोरपणे पाळतात. मात्र नदीचे, जंगलाचे, कामगारांचे काय, हा प्रश्न त्या नियमांत नाही. खाण तिथे निषिद्ध नाही. शिवाय बँका वगळल्यामुळे आयटी, औषधे, ग्राहकोपयोगी वस्तू यांचा वाटा फार वाढतो, त्याची तयारी ठेवावी लागते.

कमी खर्चाचा मार्ग हवा असेल तर निर्देशांकावर चालणारा पर्याय आहे. निफ्टी 100 ईएसजी निर्देशांकातून तंबाखू, दारू, वादग्रस्त शस्त्रे आणि जुगार बाहेर असतात. मिरे अ‍ॅसेटचा ईटीएफ (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड) याच कुटुंबातल्या सेक्टर लीडर्स निर्देशांकावर आहे. धातू आणि तेल इथेही सरसकट बाहेर नाहीत.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कारण ती सहसा लपवली जाते. तुमच्या एसआयपीतून फंड शेअर विकत घेतो तेव्हा तो पैसा कंपनीकडे जात नाही, तो शेअर विकणाऱ्याकडे जातो. तुम्ही एखादी कंपनी वगळली म्हणून तिची खाण थांबत नाही. मग वगळण्याला अर्थ काय? पहिला अर्थ असा की गावाचे नुकसान करून आलेल्या नफ्यातला वाटा आपण घेत नाही. मला हा अर्थ पुरेसा वाटतो, आणि तुमच्या प्रश्नातही तोच दिसला. दुसरा अर्थ मताचा. म्युच्युअल फंडांना एप्रिल 2022 पासून आपल्याकडे शेअर असलेल्या कंपन्यांच्या सगळ्या ठरावांवर मत देणे सक्तीचे आहे, आणि ती मते दर तिमाहीला जाहीर करावी लागतात. ईएसजी योजनेला तर पर्यावरण, समाज किंवा कारभार यातल्या कशामुळे मत दिले हेही लिहावे लागते. तुमच्या फंडाचा मतांचा तक्ता उघडा. पानोपानी "फॉर", "फॉर" आणि कारणाच्या जागी तेच ते छापील वाक्य असेल, तर त्या फंडाचे ईएसजी नावापुरते आहे असे मी समजतो. विरोधात दिलेली मते आणि त्यामागची खरी कारणे दिसली, तर मला तो फंड आवडतो, मग परताव्यात तो एखाद्या वर्षी मागे का असेना.

ज्यांना पैसा थेट कामाला लागलेला पाहायचा आहे त्यांच्यासाठी शेअर फंड ही जागाच नव्हे. केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये पहिले हरित रोखे काढले, ते रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून घेता येतात. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये सौरऊर्जा प्रकल्पासाठी 244 कोटींचे रोखे थेट जनतेला विकले. अशा रोख्यांत तुमचा पैसा कुठल्या कामाला गेला ते बोट ठेवून दाखवता येते. आणि स्वतःचे छप्पर असेल तर सौर पॅनलचा विचार जरूर करा. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, आणि वाचलेल्या विजेच्या बिलावर कर लागत नाही. याउलट, सेबीकडे नोंदणी नसलेली कुठलीही "नैतिक", "हरित" किंवा "वृक्षलागवडीची" योजना घेऊन कुणी दारात आले तर त्याला परत पाठवा. नव्वदच्या दशकात सागवानाच्या योजनांत मध्यमवर्गाचे किती पैसे बुडाले ते तुमच्या वडिलांच्या पिढीला विचारा.

परताव्याचे. पंधरा वर्षांत काय होईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. मागचा अनुभव असा की हे फंड आयटी आणि खासगी बँकांकडे झुकलेले असल्याने ती क्षेत्रे चालली तेव्हा पुढे गेले, आणि 2022 नंतर संरक्षण, वीज, सरकारी कंपन्या धावल्या तेव्हा मागे पडले. असा काळ पुन्हा येईल. तेव्हा शेजारणीच्या फंडाने दुप्पट दिले म्हणून आपला बदलायचा नाही, एवढे मनाशी पक्के असेल तरच यात या. नैतिकतेपेक्षा परताव्यावर जास्त परिणाम खर्चाचा होतो. 10,000 रुपये महिना, पंधरा वर्षे, 12 टक्के धरले तर सुमारे 50 लाख होतात. 11 टक्के धरले तर साडेपंचेचाळीस लाखांच्या आसपास. 12 हा आकडा फक्त हिशेबासाठी आहे. पण एका टक्क्याचा हा फरक अनेकदा रेग्युलर आणि डायरेक्ट प्लॅनमध्येच असतो. बँकेतून घेतलेला प्लॅन रेग्युलर असतो, त्यात बँकेचे कमिशन दरवर्षी जाते. तुम्ही स्वतः याद्या वाचणार असाल तर डायरेक्ट, म्हणजे मध्ये कमिशन नसलेला, घ्या.

तुमच्या जागी मी असे करीन. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, आणि आरोग्य विमा. मग 10,000 पैकी 6,000 ते 7,000 एका एक्सक्लूजनरी फंडात, ज्याची यादी आणि मतांचा तक्ता मी वाचला आहे. उरलेले शरिया फंडात किंवा ईएसजी निर्देशांकात, म्हणजे सगळा भार एकाच फंड व्यवस्थापकाच्या सद्बुद्धीवर राहणार नाही. दोनपेक्षा जास्त ईएसजी फंड घेऊ नका, त्यांच्या यादीत तीच ती नावे असतात. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत समजा, यादी पुन्हा उघडायची. तुमच्या न चालणाऱ्या नावांपैकी एखादे आत आलेले दिसले तर फंड कंपनीला ईमेल करून कारण विचारायचे. उत्तर पटले नाही तर नवी एसआयपी दुसऱ्या फंडात वळवायची.

आणि जुना फंड. तो आज सगळा विकून मोकळे व्हावेसे वाटेल, पण घाई नको. आधी त्याचीही यादी वाचा. एक वर्षाहून जुन्या युनिटांवरचा नफा आर्थिक वर्षात 1.25 लाखांपर्यंत करमुक्त आहे, त्यापुढच्या नफ्यावर 12.5 टक्के कर लागतो. वर्षाच्या आतली युनिटे विकली तर 20 टक्के, आणि वर एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याचे शुल्कही लागू शकते. फंड कंपनीकडून भांडवली नफ्याचे विवरण मागवा. 31 मार्चच्या आधी मर्यादेत बसेल एवढाच नफा होईल इतकी युनिटे विका, एप्रिलमध्ये पुढचा हप्ता. चार-पाच लाखांची रक्कम अशी दोन आर्थिक वर्षांत, बहुधा कर न भरता, नव्या फंडात येईल. विवरण हातात आल्यावर नफ्याचा आकडा कळवा, कधी किती युनिटे विकायची ते सांगतो.